बंद लाइनीतला करंट

सोमवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला लिंबाजी वायरमननी काचेच्या टाकीत घातलेला उजवा हात असा काही झटक्यानं बाहेर काढला, की हातातला स्पंज उडून थेट देव्हाऱ्यात जाऊन पडला.

"करंट! अगं लांब हो! पान्यात करंट उतरलाय!"

सत्यभामाबाई स्वयंपाकघरात येळवसच्या भज्जीसाठी, म्हणजे डाळी-शेंगांच्या मिसळ भाजीसाठी, शेंगा सोलत बसल्या होत्या. येळवस, म्हणजे रानात जाऊन पूजायची अमावस्या, बुधवारी होती आणि सोलायचा ढीग अजून गुडघ्याएवढा होता, त्यामुळं त्या जागच्या हलल्या नाहीत.

"म्या लांबच हाय," त्या म्हणाल्या. "तुमाला लागला का?"

प्रश्न सरळ होता, पण लिंबाजींना तो हातापेक्षा जास्त झोंबला. वीज खात्यात चौतीस वर्षं त्यांनी सास्तूर, माकणी आणि आसपासच्या वस्त्यांवरचे खांब चढण्यात घालवली होती. भूकंपानंतर गाव नव्या जागी वसलं तेव्हा घरांच्या सरळ रांगांवरून तारा ओढणाऱ्या टोळीत ते होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले तोवर त्यांना एकदाही करंट लागला नव्हता. हे ते चहाच्या टपरीवर सांगत, लग्नाच्या मांडवात सांगत आणि एकदा तर मयतीला जमलेल्या लोकांनाही त्यांनी सांगितलं होतं. "वीज म्हंजे मारकी म्हैस," ते म्हणत. "तिच्या अंगाला न पुसता जायचं न्हाय, एवढं पाळलं की झालं."

आणि आज, स्वतःच्या बैठकीत, मुलीच्या माशांच्या टाकीत, त्या म्हशीनं लाथ मारली होती.

टाकी निकिताची होती. ती रत्नागिरीला मत्स्यशास्त्र शिकत होती. आईनं उभ्या जन्मात समुद्र पाहिलेला नव्हता. निकिता बोलवायची, पण शेत, म्हैस, पाहुणे, काहीतरी निघायचंच. शेवटी उन्हाळ्याच्या सुट्टीत निकिता म्हणाली, "तू समुद्राकडं येत नाहीस ना? मग मी समुद्रच घरी आणते." चार फुटी काचेची टाकी आली, पांढरी वाळू आली, दगड आले. मोजून मिठाचं पाणी तयार झालं. पाणी खेळतं ठेवायला पंप आणि ऊब द्यायला हीटर लागला. शेजारच्या शांताक्का ते बघून म्हणाल्या होत्या, "मासे मिठाच्या पान्यात जगत्यात व्हय? आमी तर मीठ लावलं की तळतोच."

दोन नारिंगी पट्ट्यांचे मासे आणि एक निळा मासा, असा संसार होता. निळा पंधरा दिवसांपूर्वी एकाएकी गायब झाला. मांजरानं नेला असं ठरून मांजराचं दूध दोन दिवस बंद ठेवण्यात आलं. शिवाय दिवाळीला निकितानं एक झाड आणून मागच्या कोपऱ्यात वाळूत बसवलं होतं. बुटकं, जांभळट तपकिरी, फांद्यांना फांद्या फुटलेलं. ते पाण्यात हळूहळू डुलायचं.

"हे पोवळं आहे, आई. जिवंत पोवळं."

सत्यभामाबाईंनी लांबूनच निरखलं होतं. "पोवळं आसं मऊ आसतंय व्हय?"

"असतं. मऊ पोवळ्यांची जातच वेगळी."

मुलगी शिकलेली. विषय तिथंच संपला.

आज संध्याकाळच्या गाडीनं निकिता येळवसला घरी येणार होती, म्हणून लिंबाजींनी काच आतून पुसायला घेतली होती. एरवी ते पुढची काच पुसायचे. आज मागच्या कोपऱ्यापर्यंत हात घातला, आणि मनगटापासून खांद्यापर्यंत निखारा ओढल्यासारखी कळ गेली.

लिंबाजींनी खुंटीवरच्या पिशवीतून टेस्टर काढला. टोक पाण्याला लावलं. टेस्टरचा दिवा अगदी मंद, विझत आल्यासारखा, पण लागला.

"हे बग!" त्यांचा चेहरा उजळला. "हीटर गळतोय."

त्यांनी मेन स्विच पाडला. पंपाची घुरघुर थांबली, फ्रीज गप्प झाला. मग नियमाप्रमाणं त्यांनी दहा मिनिटं वाट पाहिली, त्यात एक चहा घेतला, लाकडी पाटावर उभे राहिले आणि खात्री करायला हात पुन्हा त्याच कोपऱ्यात घातला.

"आई गं!"

आता मात्र सत्यभामाबाई उठून आल्या. लिंबाजींच्या हातावर लालभडक वळ उठले होते, एकातून दुसरा फुटलेला, नेच्याच्या पानासारखे.

"करंटानं आसं पान उमटतंय व्हय?"

"जळल्याची खूण हाय ती."

"पर मेन तर पाडलाय न्हवं?"

"पाडलाय."

"मग?"

लिंबाजींनी विचार केला. चौतीस वर्षांच्या अनुभवानं विचार केला. "मग म्हंजे हा करंट आपल्या घरचा न्हाय."

"पाव्हणा आलाय व्हय?"

"चेष्टा नको. न्यूट्रलमधनं येतोय. भाईरून." ते कान देऊन ऐकू लागले. भिंतीपलीकडून हणमंतप्पांच्या पिठाच्या गिरणीचा घरघराट येत होता. लिंबाजींनी मान हलवली, जसा एखादा फौजदार पावलाचा ठसा सापडल्यावर हलवतो.

"निकिताला फोन लावू का?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"तिला माशातलं कळतंय. विजेतलं न्हाय."

हणमंतप्पांची गिरणी त्या रांगेत पंचवीस वर्षं चालत होती, आणि पंचवीस वर्षं लिंबाजींचं म्हणणं होतं की ती चालू झाली की त्यांच्या घरचे दिवे मिणमिणतात. हणमंतप्पांचं म्हणणं होतं की दिवेच तसले आहेत. त्या दिवशी गिरणीपुढं डब्यांची रांग दारापासून रस्त्यापर्यंत गेली होती. येळवस म्हणजे बाजरीचे वाफवलेले उंडे, ज्वारीच्या पिठाची आंबील, गव्हाची खीर. अख्ख्या गावाला पीठ लागतं आणि ते याच दोन दिवसांत लागतं.

"हणमंतप्पा, गिरणी बंद करा," लिंबाजी दारातूनच म्हणाले.

"येनु?" हणमंतप्पांनी पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया वर केल्या. त्यांची सासुरवाडी कर्नाटकातल्या आळंदची, त्यामुळं राग आला की आधी कानडी निघायचं. "काय झालं?"

"तुमच्या मोटारीचं अर्थिंग गेलंय. करंट माझ्या टाकीत उतरतोय. ह्यो हात बगा."

"माझी मोटार तुमच्या टाकीत कामून उतरंल? तिला पोहता येत न्हाय."

रांगेतल्या बायका हसल्या. लिंबाजींची कानशिलं तापली. "हसण्यावारी नेऊ नका. उद्या माणूस मेलं तर? या, सोता हात घालून बगा."

"येतो की!" हणमंतप्पा गादीवरून उठले. त्यांच्यामागं शांताक्का निघाल्या, शांताक्कांच्या मागं डोक्यावर डबे तसेच ठेवून आणखी सातआठ जणी. बघताबघता वायरमनची बैठक भरली.

लिंबाजींनी मेन पाडलेलाच ठेवला होता. कुठं करंट आहे हे दाखवायला त्यांनी एक कोरडी काठी घेतली आणि मागच्या कोपऱ्यात टोचून सांगितलं, "हितं."

हणमंतप्पांनी बाही खांद्यापर्यंत सारली, कपाळावरच्या भस्माला बोट लावलं आणि हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. बायकांनी श्वास धरला.

काही झालं नाही.

"कोमट हाय की," हणमंतप्पा म्हणाले. "आंगुळीला बेस."

"आजून मागं घाला."

त्यांनी मागं घातला. वाळू चाचपली, दगड चाचपले. काही नाही.

"अवं," सत्यभामाबाई काचेला नाक लावून म्हणाल्या, "ते झाड कुठं गेलं?"

कुणी ऐकलं नाही. हणमंतप्पांना आता स्फुरण चढलं होतं. हात पाण्यातच ठेवून, दुसरा कमरेवर ठेवून त्यांनी बायकांकडं तोंड केलं. "पंचवीस वर्सं मोटार चालवतो म्या. माझं अर्थिंग मीठ-कोळसा घालून सहा फूट खाली गाडलंय. ह्यांना वय झाल्यामुळं आंगात वाऱ्याची उसळ येती, आन हे म्हणत्यात करंट."

त्यांच्या पाठीमागं वाळू हलली. आधी एक जांभळट टोक वर आलं, मग दुसरं. मग पूर्ण झुडूप, एकेक फांदी उलगडत, हणमंतप्पांच्या मनगटाशेजारी वर आलं.

"आलं बगा झाड—" सत्यभामाबाई म्हणाल्या.

"अय्यय्यो! शिवा! शिवा!"

हणमंतप्पा दोन पावलं मागं उडाले आणि शांताक्कांच्या डब्यावर बसले. डबा दबला. त्यांनी मनगट दुसऱ्या हातात आवळलं. तोंडातून एकच शब्द निघाला.

"थ्री फेज!"

"म्हणलो न्हवतो?" लिंबाजी म्हणाले. इतका वेळ ते एकटे वेडे होते, आता दोघे होते. फार बरं वाटत होतं.

हणमंतप्पा धडपडत गिरणीकडं धावले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं मोटार बंद केली, वर फ्यूजही काढून खिशात घातला. आता पंचाईत वेगळीच झाली. लिंबाजींनी आरोप केला तेव्हा हसणारा माणूस आता कुणी काही म्हणायच्या आत सांगत सुटला, की दोष गिरणीचाच आहे, आणि तो निघेपर्यंत एक दाणा दळणार नाही.

"आन माझी बाजरी?" शांताक्का म्हणाल्या. "निम्मी दळून झाली, निम्मी गिरणीच्या तोंडात हाय. येळवसला रानात लक्षुमीला काय निम्मा उंडा दावू?"

"जिवापेक्षा उंडा मोठा हाय का, शांताक्का?"

"येळवसला हाय."

बारा वाजेपर्यंत बातमी गावभर झाली आणि गिरणीपुढच्या रांगेतली माणसं दुप्पट झाली. युवराजला बोलावणं गेलं. युवराज हा सध्याचा वायरमन. खांबावर चढायला त्याला लिंबाजींनीच शिकवलं होतं, म्हणून तो त्यांना अजूनही काका म्हणायचा आणि त्यांच्यापुढं तंबाखू मळत नसे. तो मोटारसायकलवरून आला. त्यानं गिरणीचं अर्थिंग उकरून पाहिलं, मोजलं, पुन्हा मोजलं.

"काका, हे झकास हाय. गावात आसं अर्थिंग न्हाय."

"मग गिरणी सुरू करा!" बायका ओरडल्या.

"थांबा!" लिंबाजी म्हणाले. गिरणी बंद, फ्यूज खिशात, घरचा मेन पाडलेला. त्यांनी घरी जाऊन एकट्यानं, शांतपणे, या वेळी डावा हात टाकीत घातला. उजवा आता भाकरीसारखा फुगला होता.

रस्त्यापर्यंत आवाज गेला.

"डीपी!" ते बाहेर येऊन म्हणाले. "डीपीचं अर्थिंग. दुसरं काय ऱ्हात न्हाय."

युवराजनं डोकं खाजवलं. पण ज्या माणसानं आपल्याला तार कशी धरायची हे शिकवलं, त्याचे दोन्ही हात लाल झालेले दिसत होते, गिरणीवाला हातावर ओलं फडकं गुंडाळून "थ्री फेज, थ्री फेज" करत होता. त्यानं जबाबदारी नको म्हणून साहेबांना फोन केला, आणि दुपारी दोनला डीपी, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, बंद केली.

निम्मं गाव बंद झालं. नळाची मोटार त्याच डीपीवर होती, ती थांबली. पतसंस्थेतला संगणक थांबला. मोबाइलच्या दुकानात सतरा फोन चार्जिंगला लावलेले होते, त्यांचे सतरा मालक बाहेर येऊन उभे राहिले. लिंबाजींच्या घरी सत्यभामाबाई तांब्यानं टाकीतलं पाणी घेऊन वरून पुन्हा टाकीत सोडत होत्या. सकाळपासून पंप बंद, दोन्ही नारिंगी मासे वर तोंड काढून धापा टाकत होते. "तुमची हुशारी ठेवा तिकडं," त्या म्हणत होत्या, "माझ्या पोरीचे मासे मरायला लागलेत." पाणी पडत होतं, माणसं वाकून बघत होती, आणि झाड पुन्हा वाळूत गेलं होतं.

"आता बगा," लिंबाजींनी सगळ्यांसमोर हात घातला. मागचा कोपरा, पुढचा कोपरा, दगडामागं. काही नाही. त्यांनी ओला हात झेंड्यासारखा वर धरला. "गेला! करंट गेला! डीपीच होती!"

टाळ्या पडल्या. हणमंतप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी फ्यूज खिशातून काढून कपाळाला लावला. युवराज डीपीशेजारी कुदळ चालवायला माणसं शोधायला निघाला. माणसं आपापसांत बोलत दाराकडं सरकली. पाणी शांत झालं.

"काका," युवराज दारातून म्हणाला, "लेखी द्यावं लागंल. डीपी बंद असताना करंट न्हाय, आसं. एकदा नीट खात्री करता का?"

लिंबाजींनी नीट खात्री केली.

त्या किंकाळीनं दाराकडं सरकलेली माणसं पुन्हा आत आली. घर बंद, गिरणी बंद, डीपी बंद. आणि वायरमन दोन्ही हात बगलेत दाबून पाटावर उकिडवे बसलेले.

"आता काय," शांताक्कांनी विचारलं, "जिल्हा बंद करायचा व्हय?"

लिंबाजी चौतीस वर्षांत जे शिकले ते सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून खांबांसारखं मागं पळत होतं. बंद लाइनीत करंट नसतो, हे त्यांनी किती पोरांना शिकवलं होतं. त्या शब्दाच्या भरवशावर ती पोरं तारा धरत होती.

युवराजला गुरूची दया आली. शिकवल्याप्रमाणं तो पुन्हा पहिल्यापासून तपासायला लागला, म्हणजे घरापासून. मीटरपासून अर्थिंगची तार धरून तो भिंतीच्या कडेकडेनं परसात गेला. तिथं तार जमिनीत जायला हवी होती. ती वर जात होती. वर जाऊन ती वालाच्या मांडवाला तीन फेरे मारून संपत होती, आणि तिच्यावरून वालाचा वेल शेंगांसकट लोंबत होता.

"काकू," त्यानं हळूच हाक मारली, "ही तार?"

सत्यभामाबाईंनी पदर डोक्यावर घेतला. "पावसाळ्यात वेल खाली पडाया लागला. तार रिकामीच दिसली. आमास्नी काय ठाव, ती कामाला हाय म्हनून?"

युवराज बाहेर आला आणि त्यानं जमावाला जाहीर केलं, की काकांच्याच घरचं अर्थिंग तुटलेलं आहे, टेस्टरचा दिवा म्हणूनच लागला, हीटर गळत होता, आणि डीपी बंद केल्यावर जो बसला तो पाण्यात साठलेला करंट. पाण्यात करंट साठत नाही हे त्याला माहीत होतं आणि लिंबाजींनाही माहीत होतं. पण साडेचार वाजले होते आणि बायकांना पीठ हवं होतं. कारण सगळ्यांना पटलं.

"म्हंजे वायरमनच्या घरीच वायर न्हाय," जाताजाता कुणीतरी म्हणालं. लिंबाजींनी ते ऐकलं.

डीपी सुरू झाली. गिरणी सुरू झाली. नवा हीटर नव्हता म्हणून सत्यभामाबाईंनी गरम पाण्याच्या बाटल्या टाकीत सोडल्या, पंप चालू झाला, मासे खाली गेले. सुजलेल्या हातांनीच लिंबाजींनी तार वेलातून सोडवून जमिनीत नीट बसवली, आणि मग ते जेवायला नको म्हणून भिंतीकडं तोंड करून पडले.

निकिता आली तेव्हा दिवेलागण झाली होती. पिशवी खाली ठेवायच्या आत तिला आईनं सगळं सांगितलं, मधेमधे शेंगा सोलत. निकितानं वडिलांचे हात उजेडात धरले. लाल वळांवर एका बोटानं, न शिवता, हवेतच रेघ ओढली. मग तिनं टाकीत पाहिलं. तिचा चेहरा पडला.

"पप्पा, हा हात झाडाला लागला होता का?"

"कुठल्या झाडाला?"

"म्या सांगत व्हते," सत्यभामाबाई म्हणाल्या. "लोक आले की झाड गायब, लोक गेले की झाड हजर. आन झाड आलं की हे ओरडायचे."

निकितानं पिशवीतून बर्फात गुंडाळलेली सोलीव कोळंबी काढली. एक तुकडा लांब चिमट्यानं धरून तिनं झाडाच्या एका फांदीला टेकवला. फांदी चिकटली. शेजारच्या दोन फांद्या वळल्या. मग सगळं झुडूप मुठीसारखं मिटत आत आत गेलं, मधोमध एक फट उघडली, आणि कोळंबी तिच्यात गेली. सत्यभामाबाईंच्या हातातली शेंग खाली पडली.

"ह्याला तोंड हाय!"

"एकच तोंड. मधोमध," निकिता खालच्या आवाजात म्हणाली. "पोवळं असतं तर प्रत्येक फांदीवर बारीक बारीक तोंडं असती, आणि ते असं वाळूत पळालं नसतं. हे समुद्रफूल आहे, आई. फूल म्हणायचं, पण जनावर. ह्याच्या फांदी-फांदीवर विषाचे सूक्ष्म काटे असतात. हात लागला की सुटतात. विकणाऱ्यानं पोवळं म्हणून दिलं, आणि मी फोटो बघून घेतलं. परीक्षेत ओळखलं होतं मी हे. घरात नाही ओळखलं."

"आन निळा मासा?"

निकितानं झाडाकडं बोट केलं. सत्यभामाबाई उठल्या आणि मांजराच्या वाटीत दूध ओतून आल्या.

निकिताला वाटलं, वडील आता रागावतील. ती माफी मागायला तोंड उघडणार, तोच लिंबाजी उठून बसले. त्यांचे डोळे चमकत होते.

"म्हंजे करंट न्हवता?"

"नव्हता, पप्पा. डंख होता. चला, आधी डॉक्टरांकडं जाऊ—"

"एकदाबी न्हवता? चारी वेळा न्हवता?"

"नव्हता."

"म्हंजे मला आजून करंट लागलेलाच न्हाय!"

त्यांनी चपला घातल्या. डॉक्टरांकडं जायच्या आधी त्यांना गिरणीत जायचं होतं. शिवाय हणमंतप्पांचाही हात दाखवायला हवा, हे निकितानं बजावलंच होतं.

गिरणी भरात होती. शांताक्का दबलेला डबा भरून घेत होत्या. हणमंतप्पा खुर्चीत बसले होते, हात दवाखान्यातून पट्टी बांधून आणलेला, आणि भोवती माणसांचं कडं. "...आन थ्री फेजनं मला धरलं," ते सांगत होते. "दुसरा माणूस आसता तर चिकटला आसता. म्या मनगट फिरवलं आन सोडवून घेतलं." कुणीतरी त्यांना दूध आणून दिलं.

लिंबाजींनी त्यांना पोत्यांमागं नेलं आणि भराभरा सगळं सांगितलं. समुद्रफूल, विष, काटे, एकच तोंड. हणमंतप्पा ऐकत राहिले. ऐकताऐकता त्यांच्या चेहऱ्यावरचं तेज पिठासारखं खाली बसलं.

"म्हंजे मला फूल चावलं?"

"जनावर हाय ते."

"नाव काय म्हणलात?"

"समुद्रफूल."

"म्हंजे फूलच." हणमंतप्पांनी चांगल्या हातानं लिंबाजींचा खांदा धरला. "लिंबाजीराव, ऐका. आळंदहून मेव्हण्याचा फोन आलता. पंचवीस वर्सांत त्यानं मला कधी नीट इचारलं न्हाय. गिरणीवाला, गिरणीवाला करत हसायचा. आज म्हणाला, भावोजी, तुमी वाघ हाव. परवा येळवसला मला बगायला येतोय. आता त्याला काय सांगू? पान्यातल्या फुलाला भिऊन म्या डब्यावर बसलो?"

"आन माझं काय? गाव म्हणतंय, वायरमनच्या घरीच वायर न्हाय."

"तुमचं खरं हाय," हणमंतप्पा म्हणाले. "पर तुमीच आला हुता माझी गिरणी बंद कराया."

लिंबाजींनी सदऱ्यावरचं पीठ झटकलं. मग म्हणाले, "आधी चला, दोघंबी दवाखान्यात जाऊ. काय चावलं ते डॉक्टरला तर सांगावंच लागंल. दार लावून सांगू."

मंगळवारी निकितानं जनावराला वेगळ्या, लहान टाकीत हलवलं. लांब हातमोजे घालून, वाळूसकट, अंगाला धक्का न लावता. सत्यभामाबाईंचं मत ओढ्यात सोडावं असं होतं. "गोड्या पाण्यात मरेल ते," निकिता म्हणाली. "त्याची काय चूक?" झाकण बसवलं, पंप लावला, आणि कोणी हात घालू नये म्हणून लिंबाजींनी माळ्यावरून वीज खात्याची कवटी आणि हाडांची जुनी लाल पाटी काढून काचेला चिकटवली. दुपारभर ते तिथंच बसून होते. फांदीला कोळंबी लावायची, मूठ मिटताना बघायची, पुन्हा उलगडेपर्यंत थांबायचं. संध्याकाळी ते निकिताला म्हणाले, "लाइनीपेक्षा बरं हाय. दिसतं तरी."

बुधवारी हणमंतप्पांनी त्यांना सहकुटुंब आपल्या रानात बोलावलं. ज्वारी उरापर्यंत आली होती. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, पंगत बसली, मडक्यातली गार आंबील फिरू लागली. लिंबाजींच्या शेजारी आळंदचे मेव्हणे बसले होते, शरणबसप्पा, जाड मिशांचे, बोलायला मोकळे. त्यांनी आधी भावोजींच्या पट्टीकडं पाहिलं, मग लिंबाजींच्या दोन्ही पट्ट्यांकडं.

"वायरमनसाहेब, तुमी जाणकार. आमच्या भावोजींना बसलेला करंट किती व्होल्टचा आसंल?"

पंगत थांबली. हणमंतप्पा भज्जीत उंडा बुडवून तसेच राहिले. निकितानं वडिलांकडं पाहिलं. लिंबाजींनी आंबिलीचा एक घोट घेतला आणि त्याबरोबर चौतीस वर्षांचा विक्रमही गिळला.

"चारशे चाळीस," ते म्हणाले.

"बापरे! आन तुमाला?"

"मलाबी. तेवढाच."

"न्हाय, न्हाय," हणमंतप्पा घाईनं म्हणाले. घास खाली ठेवून त्यांनी पट्टीचा हात वर केला. "त्यांना कमी. थ्री फेज मला एकट्याला बसला. त्यांना आपला दोनशे तीस."

शरणबसप्पांनी सहानुभूतीनं मान हलवली. सत्यभामाबाईंनी पदर तोंडात धरला. निकिता खाली मान घालून आंबिलीच्या भांड्यात बघत राहिली, तिचे खांदे हलत होते.

लिंबाजींनी हणमंतप्पांकडं बघितलं. एकवार बायकोकडं बघितलं. मग भांडं पुढं करून आणखी आंबील मागितली.

"व्हय," ते म्हणाले. "माझा घरगुती कनेक्शनचा हुता."